नाताळ पंचवीसला, डोंगऱ्या देव सव्वीसला

२०२३ साली मार्गशीर्ष पौर्णिमा २६ डिसेंबरला आली. कॅलेंडरात त्या चौकोनात दत्तजयंती छापलेली असते. पण कळवण तालुक्याच्या पश्चिमेला, अभोणा, कनाशी, दळवटच्या पुढे कोकणा आणि भिल्लांचे जे पाडे आहेत, तिथे ही पौर्णिमा डोंगऱ्या देवाची. मार्गशीर्षात व्रत धरलेले भाये पथ्य पाळतात, पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात, आणि पौर्णिमेची रात्र डोंगरावर जागवून सकाळी खाली उतरतात. मग देवाला मान देऊन घरोघर जेवण होतं. पाड्यापाड्याची रीत थोडी वेगळी, पण चाल अशीच. त्या वर्षी या रात्रीच्या आदल्या दिवशी नाताळ होता, आणि याच पाड्यांत आता काही घरं येशूला मानणारी आहेत. कधी एकाच अंगणात थोरल्याच्या ओट्यावर भाये बसतात आणि धाकट्याच्या दारावर कागदाची चांदणी लागते.

सगळा गोतावळा आणि पोरंबाळं घेऊन नाताळ करायचा, ही गोष्ट वसईत किंवा गोव्यात तशी सरळ आहे. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एकाच मिस्साला जातात, एकाच घरी जेवतात. कळवणकडे ‘सगळे’ म्हणजे कोण, इथूनच प्रश्न सुरू होतो. चुलत भावंडं एका ताटात जेवून वाढलेली, आणि मोठ्यांचे देव वेगळे झालेले. म्हणून या भागातला नाताळ मला फार मोलाचा वाटतो. सण घर बांधतो की फोडतो, हे इथे खरंच कळतं.

खाली बोलणारी वहिनी आणि तिचा धाकटा दीर ही दोन माणसं मी उभी केली आहेत. त्यांचा वाद मात्र रचलेला नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत जाणारं पोर होता, त्यामुळे ती त्याला एकेरी बोलते. तिचा नवरा त्या वर्षी भाया म्हणून बसलेला. धाकटा बारा-चौदा वर्षांपूर्वी बायकोच्या मोठ्या आजारपणात प्रार्थनेला जाऊ लागला, तो तिथलाच झाला. वहिनीचा मुलगा नाशिकला सातपूरच्या कंपनीत आहे. त्याचा मुलगा, वय वर्षं आठ, सुट्टीला आजीकडे आलेला. कांदा लागणीचे दिवस. संध्याकाळी रोपांच्या जुड्या ओल्या पोत्याखाली झाकून ठेवल्यावर दोघं ओट्यावर बसले आहेत.

वहिनी : मला एवढंच सांग, पोराला मेंढपाळाचं काम देण्याआधी कोणाला विचारलं?

धाकटा : वहिनी, नाटक पोरांचं आहे. माझी पोरगी त्याला म्हणाली, आमच्यात एक मेंढपाळ कमी पडतोय. तो हो म्हणाला. दोन वाक्यं आहेत त्याची.

वहिनी : दोन असू दे नाहीतर अर्धं असू दे. त्याच्या बापाने त्याला माझ्या भरवशावर पाठवलाय. उद्या सून म्हणाली, आई, माझ्या मुलाला प्रार्थनेत कोणी उभं केलं, तर तोंड मला द्यायचंय.

धाकटा : तो आला कशामुळे, ते सांगा की. शाळेला नाताळची सुट्टी लागली म्हणून. आपल्या झेडपीच्या शाळेला पंचवीस तारखेची एक सुट्टी. त्याच्या इंग्लिश मीडियमला आठवडाभर आहे. नाताळ नसता, तर पौर्णिमेला पोरगा नाशिकलाच राहिला असता. आजोबा डोंगरावर चाललेले त्याने कधी बघितले असते?

वहिनी : ते खरं आहे. दिवाळीला येतात तेव्हा वाघबारस सापडते, डोंगऱ्या देव नाही सापडत.

धाकटा : आणि त्याच शाळेत त्याला सांताक्लॉजची लाल टोपी घालून उभं केलं होतं. फोटो तुम्हीच मला दाखवला. तिथे चालतं, आणि धाकट्या आजोबाच्या घरचा मेंढपाळ चालत नाही?

वहिनी : शाळेत टोपी घालतात, संध्याकाळी काढून ठेवतात. तिथे कोणी त्याला म्हणत नाही की तुझ्या आजोबाचा देव खोटा आहे.

इथे धाकटा गप्प बसला असणार, आणि बसायलाच हवं. सांताची टोपी आणि गोठ्यातला येशू यांत फरक आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? टोपी सगळ्यांना चालते, कारण तिच्यामागे मागणं काही नाही. नाताळ मनापासून करणाऱ्याने तिचा आधार घेऊन आपल्या सणाची बाजू मांडू नये. त्याने सणच हलका होतो. वहिनीला नाताळ गंभीर वाटतो, म्हणून ती अडते आहे. या अडण्यात मान आहे.

धाकटा : मी कधी म्हणालो दादाचा देव खोटा?

वहिनी : तू नाही म्हणालास. सभेत म्हणतात. पोरांना कान असतात. गेल्या वर्षी तुझा पोरगा माझ्या नातवाला म्हणाला, तुमचा देव दगड आहे. सहा वर्षांचं पोर स्वतःच्या डोक्याने हे बोलतं का?

धाकटा : त्याला मी तेव्हाच रागावलो होतो.

वहिनी : रागावलास, पण त्याने ऐकलं कुठे, ते बंद केलंस का?

धाकटा : तुमच्या नातवानेही त्याला सांगितलं होतं की तुम्ही बाटलेले, तुमचा दाखला जाणार. ते त्याने कुठे ऐकलं?

वहिनी : पारावरची पोरं बोलतात तसं.

धाकटा : दाखला जात नाही, वहिनी. अनुसूचित जातीच्या बाबतीत १९५०च्या आदेशात धर्माची अट आहे. आधी हिंदू, मग १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध. जमातीला तशी अटच नाही. कोकणा कुठल्याही देवाला मानो, तो कोकणाच राहतो. आता काही लोक मोर्चे काढतात की धर्म बदललेल्यांना यादीतून काढा. ते मागणं आहे, कायदा नाही.

वहिनी : मला कायदा नको सांगूस. तू याच घरातला आहेस, हे मला कोणत्या कागदावरून कळायला हवं?

ही दोन वाक्यं, दगडाचं आणि दाखल्याचं, मी या लेखातली सर्वांत महत्त्वाची मानतो. मोठी माणसं आपसांत सांभाळून बोलतात आणि विष पोरांच्या तोंडून बाहेर पडतं. नाताळला सगळी भावंडं एकत्र आणायची असतील, तर चांदणी आणि केकच्या आधी हे काम आहे : आपापल्या सभेत, आपापल्या पारावर दुसऱ्याच्या देवाबद्दल जे बोललं जातं, ते थांबवायचं. पास्टरला तोंडावर सांगायचं की माझ्या भावाच्या देवाला शिवी दिलीत तर माझी पोरं रविवारच्या शाळेत येणार नाहीत. पारावरच्या पोरांनाही त्याच आवाजात सांगायचं. हे अवघड आहे. पण ज्याला घर हवं आहे, त्याने हे केल्याशिवाय भागत नाही.

वहिनी : आणि भीती वाटते रे मला. अठ्ठ्याण्णवचा नाताळ विसरलास? माझी मावसबहीण डांगात दिलेली. आठ दिवस तिची काही खबर नव्हती.

१९९८च्या नाताळच्या दिवसापासून गुजरातच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. पुढच्या महिन्यात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तिथे जाऊन आले आणि त्यांनी धर्मांतरावर देशभर चर्चा व्हावी असं म्हटलं. सुरगाणा आणि कळवणच्या कोकण्यांना डांग परका नाही. राज्याची हद्द कागदावर, लेकी दिलेल्या दोन्हीकडे. त्यामुळे डिसेंबर आला की पाड्यात दोन भीती शेजारी शेजारी राहतात : विश्वासी म्हणवणाऱ्यांना मार खाण्याची, आणि बाकीच्यांना आपली पोरं हातची जाण्याची. दुसरी भीतीही खरीच आहे. फक्त तिचा उपाय काठीत नाही.

धाकटा : म्हणून तर म्हणतो, पोरं मिसळू दे. ज्याने लहानपणी काकाच्या घरचा नाताळ खाल्ला, तो मोठा होऊन काकाच्या दारावर दगड नाही टाकणार.

वहिनी : बरं. मग सव्वीसला तुझी पोरं येतील?

धाकटा : ...

वहिनी : बोल ना. माझा नातू पंचवीसला तुझ्या मांडवात. तुझी पोरं सव्वीसला आपल्या अंगणात येतील? दरवर्षी आमचीच पोरं तुमच्याकडे येतात, जेवतात, नवी पाटी-पेन्सिल घेऊन येतात. तुझी पोरं पौर्णिमेला दार लावून घरात. पावरी वाजली की धाकटी खिडकीतून बघते, मला दिसते ती. तिला बोलवायला मी हात करते आणि तुझी बायको खिडकी लावून घेते. हे कसलं मिसळणं?

धाकटा : पास्टर म्हणतात, बघायलाही जायचं नाही.

वहिनी : पास्टर नाशिकहून येतो आणि जातो. अंगण आपलं आहे.

वहिनीचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. एकाच बाजूने जाणारी वाट ही पाहुणचाराची वाट नसते. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरातली पोरं नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाचं ताट झाकून शेजारच्या हिंदू घरी नेऊन देतात आणि चवथीला, दिवाळीला तिकडून फराळ येतो. दोन्ही बाजूंचे हात भरलेले असतात म्हणून ते टिकलं. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांची बारा कुळं; गावातल्या देवीचं देऊळ सोळाव्या शतकात फातर्प्याला हललं, पुढे कित्येकांनी धर्म बदलला. आजही शिमग्याच्या दिवसांत सोंत्रेओच्या उत्सवात फातर्प्याहून कुंकळ्ळीला छत्र्या निघतात, तेव्हा त्या बारा कुळांच्या नावाने निघतात आणि ख्रिस्ती गावकरीही त्यात असतात. साडेचारशे वर्षांनंतर तिथे कुळाची आठवण देवाच्या भेदाहून मोठी राहिली. या घरात तर अजून एक पिढीसुद्धा पूर्ण झालेली नाही.

धाकटा : वहिनी, मनापासून सांगतो. पोरांनी बघायला हरकत नाही, हे मी बायकोला समजावीन. पण ती फेरात नाही उतरणार.

वहिनी : म्हणजे माझा नातू तुझ्या नाटकात उतरणार आणि तुझी पोरं फेराबाहेर?

धाकटा : तुमचा नातू तरी उतरणार आहे का फेरात? दादा महिना झाला पथ्यावर आहे. पोरगा परवा नाशिकहून आला, वाटेत वणीला अंडापाव खाऊन आला. त्याला घेतील का भाये?

वहिनी : नाही घेणार.

धाकटा : मग? आमच्याकडेही तसंच आहे. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा घेतलेल्यालाच. नातवाला ते मी देणार नाही; तुम्ही म्हणालात तरी देणार नाही. नाटक वेगळं. गाणी, जेवण वेगळं. ते सगळ्यांसाठी असतं.

बोलता बोलता तो इथे नेमक्या जागी येऊन पोचला, असं मला वाटतं. प्रत्येक देवाच्या दारी आत एक रिंगण असतं. तिथे व्रत धरलेल्यांचाच पाय पडतो. पथ्य न पाळलेल्याला भाये आपल्यात घेत नाहीत आणि बाप्तिस्मा नसलेल्याला मंडळी प्रभुभोजन देत नाही, यात कोणाचाच अपमान नाही. पण त्या रिंगणाबाहेर मोठं मोकळं अंगण असतं. तिथे ढोलकी असते, गोष्ट असते, शेकोटी असते, पंगत असते. पोरांची जागा त्या अंगणात. कळवणकडची भांडणं मी ऐकतो तेव्हा जाणवतं की एक बाजू अंगणालाच रिंगण समजून पोरांना घरात कोंडते, आणि दुसरी बाजू अंगणात खेळायला आलेल्या पोराला हळूच रिंगणात ओढू पाहते. दोन्ही टाळता येतात.

वहिनी : ओढणार नाहीस, हे तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. खाऊ द्यायचा, गाणी शिकवायची आणि मग एक दिवस नदीवर न्यायचं, असं नको.

धाकटा : त्याचे आईबाप आहेत. ते म्हणाले तरी मी म्हणेन, मोठा होऊ दे त्याला, त्याचं तो ठरवेल. आणखी काय सांगू?

वहिनी : एवढं पुरे. पण मला एक सांग, हे नाटक काय आहे? मेंढपाळ कशाला लागतो त्यात?

धाकटा : राजाने शिरगणती लावली. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहायचं. योसेफ आपल्या पूर्वजांच्या गावी निघाला, बेथलेहेमला. बायको दिवस भरलेली. तिथे पोचले तर उतरायला जागा नाही. बाळ जन्मलं आणि गव्हाणीत ठेवलं. रात्री रानात मेंढ्या राखणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं, ते बघायला आले.

वहिनी : पूर्वजांचं गाव म्हणतोस. मग भाऊबंद नव्हते का तिथे? कोणीच घरात घेतलं नाही? दिवस भरलेल्या बाईला?

धाकटा : लूकने लिहिलंय, जागा नव्हती म्हणून. भाऊबंदांचं काही लिहिलेलं नाही.

वहिनी : भाऊबंद असणारच. मूळ गाव म्हटल्यावर असणारच.

नाताळच्या गोष्टीवर कितीतरी प्रवचनं होतात. पण हा प्रश्न विचारायला सुना-लेकी सांभाळलेली, बाळंतपणं केलेली बाई लागते. कळवणच्या पश्चिम पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला जातात. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत तान्ही पोरं असतात. दिवस भरलेल्या बाईला परगावी जागा न मिळणं ही त्यांना सांगावी लागणारी गोष्ट नाही. म्हणून या पाड्यात नाताळ समजायला झाड आणि कापसाचा बर्फ लागत नाही. मेंढपाळाला घोंगडी लागते, गव्हाणीला भाताचा पेंढा लागतो, आणि दोन्ही घरात आहेत.

मराठीत हा सण असा घरचा करून घेण्याची वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ला छापलं गेलं, ओव्यांमध्ये. नाशिकजवळच्या शरणपूरला ख्रिस्ती वस्ती वसली ती १८५०च्या दशकात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं; त्यांची गाणी आजही मंडळ्यांमधून टाळ-ढोलकीवर म्हणतात. आणि घर तुटणं म्हणजे काय, तेही टिळकांच्याच घराने पाहिलं. १८९५ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक, काही वर्षं नवऱ्यापासून लांब राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक, पाणी वेगळं. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९००ला, आपल्या मनाने, आपल्या वेळेला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी हेच दिसतं की त्या घरात देवाचा प्रश्न सुटण्याआधी चुलीचा प्रश्न पुष्कळ दिवस धुमसत होता. कळवणच्या या ओट्यावरही शेवटी बोलणं चुलीपाशीच येणार होतं.

वहिनी : बघायला येतील म्हणालास. जेवायला? सत्तावीसला सकाळी भाये उतरले की कोंबडं-बोकडाचा मान होतो. तुझ्या भावाचं व्रत सुटतं त्या दिवशी. त्याच्या पंगतीला त्याचा भाऊ नको?

धाकटा : तिथेच अडतं, वहिनी. देवाला दाखवलेलं आम्ही खात नाही.

वहिनी : ठाऊक आहे. बारा वर्षं तुझं ताट वाया जातंय.

धाकटा : आमच्या पुस्तकातही हा प्रश्न आहे. करिंथ म्हणून शहर होतं, तिथे देवळात चढवलेलं मटण बाजारात विकायला यायचं. लोकांनी पौलाला विचारलं, खायचं की नाही. त्याने लिहिलं, कोणी जेवायला बोलावलं तर जे वाढलं ते चौकशी न करता खा. पण कोणी सांगितलं की हे देवाला चढवलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

वहिनी : म्हणजे मी न सांगता वाढलं तर तू खाशील?

धाकटा : ... हो, तसं म्हणता येईल.

वहिनी : मी तसं नाही वाढणार. तुला माहीत नसताना तुझ्या ताटात घालायचं आणि मनात म्हणायचं, बघ खाल्लं की नाही. हे मला जमायचं नाही.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत पौलाने जो गुंता मांडला आहे, तो या बाईने एका वाक्यात सोडवून ठेवला. दुसऱ्याच्या मनाला न फसवता त्याला पंगतीला बसवायचं, हीच पौलाचीही तळमळ होती. मूर्तीत काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरीही दुबळ्या भावाचं मन दुखत असेल तर मटणच सोडायची त्याची तयारी होती. विश्वासी मंडळींनी हे अध्याय नातेवाइकांना दूर ठेवण्यासाठी वापरले, याचं मला वाईट वाटतं. ते अध्याय जेवणाच्या ताटावर माणूस तुटू नये म्हणून लिहिले आहेत.

धाकटा : मग नैवेद्याआधी आमचं काढून ठेवलं तर?

वहिनी : देवाआधी कोणी बोट लावत नाही. तेवढं माझंही पथ्य आहे.

धाकटा : मग वेगळं.

वहिनी : वेगळं म्हणजे तुमच्या घरी तुम्ही, आमच्या घरी आम्ही. हे तर चालूच आहे.

धाकटा : तसं नाही. अंगण एक, पंगत एक. पातेली दोन. एक मानाचं, आणि एक कोंबडं असं, की जे कोणापुढेच ठेवलेलं नाही. ते मी आणतो, मीच कापतो. ना तुमच्या देवाच्या नावाने, ना आमच्या. नुसतं जेवायला.

वहिनी : आणि शिजवणार कोण?

धाकटा : माझी बायको शिजवील.

वहिनी : तिला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात चूल मांडायला लावशील, आणि ती गप्प मांडील? आधी तिला विचार. मला न विचारता नातवाला मेंढपाळ केलंस, तसं तिला न विचारता स्वयंपाकीण करू नकोस.

धाकटा : विचारतो.

वहिनी : तिला म्हणावं, चूल तू मांड, मसाला मी वाटते. दोन्ही पातेल्यांना एकाच पाट्यावरचा. तेवढं तरी एक असू दे. आणि नागलीच्या भाकरी कोणाच्याच देवाला अडत नाहीत, त्या मी एकत्रच थापीन.

सणाचा समेट करायचा म्हटलं की पुरुष माणसं तत्त्वं ठरवतात आणि राबणूक बायकांवर पडते. दोन पातेली म्हणजे दुप्पट लाकडं, दुप्पट भांडी, आणि ती कांद्याच्या रोजावरून आल्यावर. धाकट्याने हे मनात धरायला हवं. नाताळला मांडवात साठ-सत्तर माणसं जेवतात, तेव्हा त्या मंडळीतले पुरुष भात रांधतात आणि भांडीही घासतात. मग सत्तावीसला तेच हात थोरल्याच्या अंगणात का चालू नयेत? कोंबडं आणून कापलं की काम संपलं, असं नाही.

वहिनी : पंचवीसचं सांग आता. किती वाजता आहे?

धाकटा : सकाळी दहाला गाणी, मग पोरांचं नाटक, मग जेवण. तुम्ही येणार?

वहिनी : सकाळच्या पारी तीन वाफे लावायचे आहेत. नाटकाला येईन. मांडवाच्या कडेला उभी राहीन; मला हात जोडायला, डोळे मिटायला सांगू नका.

धाकटा : कोणी सांगणार नाही. दादा?

वहिनी : तो व्रतावर आहे, तो नाही येणार. त्याला विचारून त्याची पंचाईत करू नकोस. पुढे कधी पौर्णिमा लांब असेल त्या वर्षी विचार.

धाकटा : चालेल.

वहिनी : आणि घोंगडी? नाटकाला घोंगडी लागणार म्हणालास. घरात धड घोंगडी एकच आहे. ती सव्वीसला तुझ्या भावाला डोंगरावर लागते. वर हाडं गोठतात.

धाकटा : दुपारी दोनपर्यंत घरी आणून देतो.

वहिनी : तू नको. पोरांच्या हाती पाठव, तुझ्या आणि माझ्या. दोघांनी मिळून आणू दे. आणि आता उठ, त्या कोपऱ्यातलं पोतं वाऱ्याने सरकलंय. रोपं उघडी पडली तर सकाळी माना टाकतील.